नानांचं डावं बोट

वर्कशॉप लहान आणि माणसं तोंडाळ असली की किस्से साचतच जातात. सांगलीतल्या आमच्या इन्व्हर्टरच्या वर्कशॉपचे, सत्तरच्या दशकातले, माझ्याकडे ढीगभर आहेत. मला एका जागी बसवत नसे. मालक आप्पा म्हणायचे, "तुझ्या पायालाच बॅटरी जोडू का?" त्यामुळे बहुतेक किश्श्यांचा मी साक्षीदार, आणि काहींचा आरोपी!

०

इन्व्हर्टरमधला ट्रान्झिस्टर बंद झाला की ट्रान्सफॉर्मर व्होल्टेजची उसळी मारतो. ती क्लॅम्प डायोडनं अंगावर घ्यायची, नाहीतर ट्रान्झिस्टर मेलाच. त्यात डायोड किती तापेल, किती वॅट खाईल, याचा अंदाज काढणं हे माझं काम. मी डिप्लोमाच्या तोऱ्यात पाव वॅट काढला आणि तेवढाच डायोड बसवला.

पहिला डायोड चहा यायच्या आत जळाला. दुसरा चहा पिताना!

आप्पा जैन, हळदीच्या पेढीवरून या धंद्यात आलेले. वास घेत आले. "अरे, आमच्या घरात मुंगी मारत नाहीत, आणि तू दोन डायोड मारलेस!"

सगळे हसले. मग आप्पा हळू आवाजात म्हणाले, "मिरजेचे डॉक्टर ऑपरेशनच्या दिव्यासाठी इन्व्हर्टरची पेटी न्यायला शनिवारी येताहेत. तिसराही जळाला, तर तू घरी. इस्लामपूरला."

०

त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. येरझाऱ्या घालताना एकदाचं लक्षात आलं, की आमचा डायोड बंद व्हायला वेळ लावतो आणि तेवढ्यात उलटा प्रवाह आत शिरतो. तो धरून पुन्हा गणित केलं. दोन वॅट!

आप्पांनी कागद फोरमन नानांकडे सरकवला. नाना पलूसचे, फौजेत सिग्नलला होते. त्यांची रीत वेगळी. डावं बोट तापलेल्या डायोडवर, उजवं बोट तेवढ्याच आकाराच्या रेझिस्टरवर. दोन्ही बोटांना सारखा चटका बसेपर्यंत रेझिस्टरचा करंट वाढवायचा, आणि मीटरवरून वॅट काढायचे.

"येक वॅट," नाना माझ्याकडे बघत म्हणाले. "आवं सायेब, कागूद खोटं बोलंल, बोट न्हाई!"

आप्पांनी एका वॅटचा डायोड बसवायला लावला. माझा संताप संताप झाला, पण दोन डायोड मारलेल्याचं कोण ऐकणार?

०

नानांना उतारवयात सतारीचं वेड लागलं होतं. मिरजेहून सतार आणली आणि दुपारच्या सुट्टीत वर्षभर एकच सरगम घासली. मी वैतागून विचारलं, "नाना, पुढचं कधी?"

"फौजेत आदी परेड शिकीवत्यात, मग लडाई!" डाव्या बोटानं तार दाबत नाना म्हणाले, आणि पुन्हा सा पासून सुरू झाले.

०

शनिवारी डॉक्टर आले. पेटी सुरू झाली, दिवा लागला. मी दाराशी उभा, पाय थांबेनात. दोन डायोड जळाल्याचं आप्पांकडून ऐकून डॉक्टरांनी विचारलं, "डायोड किती तापतो हे मोजलं कसं?"

नानांनी ऐटीत दोन बोटं टेकवली. "बगा, येक वॅट. दोनी सारकी."

"मी बघू?" डॉक्टरांनी स्वतःची बोटं टेकवली आणि डावं चटकन उचललं. "सारखी कुठली! हा केवढा भाजतोय!"

मग त्यांनी नानांचा डावा हात उताणा केला, बोटाच्या टोकावरचा घट्टा अंगठ्यानं चाचपला आणि विचारलं, "नाना, सतार किती दिवस वाजवताय?"

नानांनी हात बदलला. उजवं बोट डायोडवर ठेवलं, डावं बाजूलाच राहू दिलं. मग उजवंच एकदा इकडे, एकदा तिकडे टेकवत करंट वाढवत नेला. आप्पा मीटरवर वाकले. दोन वॅट.

पेटी त्या दिवशी गेली नाही. डॉक्टर म्हणाले, "मोठा डायोड बसवा, सोमवारी नेतो." आप्पा सवयीनं मलाच रागवायला वळले, पण नाना मध्ये आले.

"मालक, कुणाला घरी धाडायचंच आसंल, तर माज्या सतारीला धाडा."