टाकीवर टांगलेला तिसरा दात

गणपत दाराशी आला तेव्हा माझ्या खुर्चीत एक बाई आ वासून बसल्या होत्या आणि मी त्यांची दाढ कोरत होते. सकाळची पाळी सोडून हा पिंपरीत कसा, म्हणून मी मान वळवून पाहिलं. तो म्हणाला, "डॉक्टरीणबाई, इस्माईलचाचा गेले." मी म्हटलं, "बाहेर बस जरा." माणूस गेल्याचं ऐकून असं कुणी बोलतं का? मी बोलले. कोरलेली दाढ उघडी टाकता येत नाही. ती बुजवली, बाईंना दोन तास काही खाऊ नका म्हणून सांगितलं, आणि मग बाहेरच्या बाकावर गणपतशेजारी जाऊन बसले. आदल्या दिवशी दुपारी छातीत कळ आली, इस्पितळात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं... वय त्रेपन्न. मला रडू नाही आलं, राग आला. तीन वर्षं मी या माणसाच्या मागे लागले होते की कवळी बसवून घ्या, आणि तीन वर्षं तो माझ्या तोंडावर हसून नाही म्हणत होता. आता कुणाशी भांडू?

इस्माईलभाई भोसरीजवळच्या एका कारखान्यात तेजाबाच्या टाकीवर होते. लोखंडी मालाला मुलामा चढवण्याआधी तो तेजाबात बुचकळून त्याचा गंज उतरवायचा, हे त्यांचं काम. कारखाना उभा राहिला तेव्हापासून तेच. गाव दिघी, लष्कराच्या तारेलगत घर, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, त्यामुळे बोलणं सगळं गावचं. आणीबाणी नुकतीच उठली होती आणि पिंपरी कॅम्पात कापडाच्या दुकानावरच्या माडीत मी दवाखाना थाटून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ते पहिल्यांदा आले. तोंडावर हात धरून. मी विचारलं, काय दुखतंय? म्हणाले, "दुखत काय न्हाई. संपत्यात."

मी तशी तोंडाळ बाई. त्यात नवी डॉक्टर, म्हणजे सगळं कळतं अशी खात्री. न बघताच माझा पट्टा सुरू झाला. तंबाखू किती वर्षं खाताय? मिशेरी लावता का? रात्री चूळ भरता का? त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "तंबाखू म्या जल्मात खाल्ली न्हाई. तुमी आदी बघा तर खरं." बघितलं. दाढा उत्तम होत्या, एक कीड नाही. पण वरचे-खालचे पुढचे दात निम्मे झिजलेले, कडा पात्यासारख्या पातळ, आणि पांढऱ्या कवचाखालचा पिवळा भाग उघडा पडलेला. तंबाखूने दात काळे होतात, किडीने भोकं पडतात. हे दोन्ही नव्हतं. ते म्हणाले, "आमच्या टाकीवर समद्यांचं असंच हाय. कंपनीचे डॉक्टर म्हंत्यात, तुमी दात घासत न्हाई." मी उसनं अवसान आणून म्हटलं, घेऊन या बघू सगळ्यांना.

गुरुवारी, कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, खरंच घेऊन आले की. चौघांना बाकावर ओळीने बसवलं आणि स्वतः टोकाला बसले. "उघडा रे तोंडं." पहिला टाकीवर दोन वर्षं, दुसरा पाच, तिसरा नऊ, चौथा अकरा, मग ते स्वतः. दात पायरीपायरीने आखूड होत गेलेले. दुसऱ्या जागी बसलेला तो गणपत, पंचविशीचा, औसा तालुक्यातून आलेला. त्याचा सख्खा भाऊ त्याच कारखान्यात, एकाच खोलीत राहणारा, एकच मंजन लावणारा, पण खोकी भरायच्या खात्यात. त्यालाही बोलावून घेतलं. त्याचे धड, अखंड दात बघून मला त्या कंपनीच्या डॉक्टरांचा असा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. मीही तर पहिल्या दिवशी तेच म्हणाले होते.

त्यांच्या टाकीवर एक रीत होती, ती सांगायलाच हवी. टाकीवरचा धूर छातीत जाऊ नये म्हणून सगळे ओलं फडकं चार घड्या करून दातात धरत आणि त्यातून श्वास घेत. ही युक्ती इस्माईलभाईंनीच पहिल्या वर्षी काढली होती. नवा माणूस आला की ते स्वतः फडकं भिजवून, पिळून, घडी घालून त्याच्या दातात द्यायचे आणि म्हणायचे, "चाव. सोडू नको." त्यांच्या हातून फडकं घेतल्याशिवाय कुणी टाकीवर उभा राहिला नाही. खोकला कमी व्हायचा हे खरं. पाळी सुटली की फडकं खिळ्याला, आणि तोंड आंबट झालेलं म्हणून सगळे नळावर जाऊन मंजनाने दात खसाखसा घासायचे. आणि कंपनीचे डॉक्टर म्हणत, हे दात घासत नाहीत! उलट दिवसातून तीनदा घासत होते ते.

पुढे टाकीवाल्यांनी तक्रार अर्ज दिला की धूर ओढून नेणारा पंखा बसवा. पंखा आला नाही. टूथपेस्ट आली. माणशी एक ट्यूब, फ्लोराइडवाली, तेव्हा ती नवीनच बाजारात आली होती, आणि वाटप करायला एक साहेब, शिवाय भाषण. इस्माईलभाईंनी ती ट्यूब माझ्या टेबलावर ठेवली. "डॉक्टरीणबाई, खोटं न्हाई बोलायचं. ही चांगली का वाईट?" मी म्हटलं, चांगली आहे. किडीला चांगली, कवच थोडं टणकही करते, माझ्या पेशंटांना मीच सांगते. पण रोज आठ तास तेजाबाचा धूर खाल्ला तर तिचं काही चालणार नाही. आणि पाळी सुटल्या सुटल्या घासू नका, तेजाबाने मऊ पडलेलं कवच ब्रशने खरवडून जातं. आधी साध्या पाण्याने चुळा भरा, तास-दीड तास थांबा. त्यांनी मान डोलावली. मग माझ्या कपाटातल्या बरणीकडे बोट दाखवलं, ज्यात मी काढलेले दात ठेवते. "त्यातलं तीन चांगलं दात द्या मला. सायबाला दाखवतो."

त्यांचा बेत असा होता. तिन्ही दात दोऱ्याने टाकीवर, माणसाचं तोंड येतं त्या उंचीला टांगायचे. एक नुसता. दुसऱ्याला रोज दोन वेळा टूथपेस्ट चोळायची. तिसरा ओल्या फडक्यात गुंडाळायचा आणि फडकं रोजच्यासारखं भिजवत राहायचं. त्यांना दाखवायचं होतं की कंपनीच्या पेस्टपेक्षा आमचं फडकं बरं, आम्ही अडाणी असून जेवढं केलं तेवढंही तुम्ही केलं नाहीत. फडक्याचा त्यांना फार अभिमान होता हो. दीड महिन्याने ते तीन पुड्या घेऊन आले. पहिला दात चकाकी जाऊन खडबडीत झालेला. पेस्टवाला त्याहून जरा बरा, पण कळा त्याचीही गेलेली. फडक्यातला दात मी नखाने टोकरला, तर खडूसारखी भुकटी निघाली.

मला उलगडा झाला, आणि तो त्यांना सांगणं माझ्यावर आलं. ओलं फडकं दिवसभर धूर पीत होतं आणि तोच अर्क दातांना लावून धरत होतं. छाती वाचत होती, पण दातांची पोटिसासारखी शेकशेक चालली होती. फडकं नसतं तरी दात झिजले असते, पण इतके नाही, इतक्या लवकर नाही. त्यांनी ती भुकटी बोटाच्या टोकावर घेतली. "चौदा जणांच्या तोंडात म्या माज्या हातानं घातलंय की वो हे." आणि इथे मी एक गोष्ट केली जिची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, इस्माईलभाई, साहेबांकडे पहिले दोनच दात न्या. तेवढे पुरेत. तिसरा दाखवलात तर तो तुमच्यावरच उलटवतील. त्यांनी तिन्ही पुड्या खिशात घातल्या. "तिसरा लपवला तर उद्या येणारा नवा गडी फडकं चावंलच की. मंग सायबात आन् माज्यात फरक काय ऱ्हायला?"

आधी त्यांनी टाकीवाल्यांना सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत, तिसरा दात तळहातावर घेऊन. कसं सांगितलं ते मला गणपतनेच पुढे सांगितलं, कारण त्या दिवशी सगळ्यांत जास्त भडकला तो. त्याचं ठरलेलं लग्न मुलीकडच्यांनी त्याचे दात पाहून मोडलं होतं. तो सगळ्यांसमोर ओरडला, "माझं वाटोळं तुमच्या फडक्यानं केलं." चाचा एवढंच म्हणाले, "केलं." माफी बिफी काही नाही, आणि समजूतही नाही. पंधरा दिवस गणपत त्यांच्याशी बोलला नाही. समोरासमोर उभं राहून माल बुचकळायचा आणि बोलायचं नाही, कसे राहिले असतील दोघं कोण जाणे.

मग साहेबांकडे जायचा दिवस आला. मी म्हटलं, मीही येणार, दाताचं मी बोलेन. भोसरीच्या बसमधून उभ्याने गेले. टाकीवालेही आले होते, इस्माईलभाईंकडे न बघणारा गणपतसुद्धा. ऑफिसात टेबलावर तीन दात मांडले आणि मी इनॅमल काय असतं, तेजाब त्याचं काय करतं, सगळं सांगितलं. साहेब हुशार होते, तिसऱ्या दातापाशी बरोबर थांबले. "म्हणजे फडक्यामुळे जास्त झालं. फडकं कुणी सुरू केलं?" इस्माईलभाई म्हणाले, "म्या." साहेब हसले, हात झाडल्यासारखे केले. "मग झालं तर. चूक तुमचीच निघाली."

"व्हय. फडक्याची चूक माजी," इस्माईलभाई म्हणाले. "धूर कुणाचा?"

साहेबांनी सूर बदलला. तुम्ही जुने माणूस, कंपनी तुमच्यापुरती कवळी करून देईल, या बाईच करतील, फक्त एका कागदावर सही करा की दात आपल्या सवयीने गेले. मी इस्माईलभाईंकडे बघितलं. त्यांना पुढच्या दातांनी घास तोडता येत नव्हता, भाकरी दुधात कुस्करून खात होते, हे मला ठाऊक होतं. तेवढ्यात मागून गणपत पुढे आला, खिशातून खिळ्यावरचं ते फडकं काढलं आणि साहेबांच्या कागदावर ठेवलं. "सायेब, एक शिफ्ट तुम्ही चावून बघा. मग चाचा सही करतील."

दुसऱ्या दिवसापासून टाकीवर कुणी फडकं दातात धरलं नाही. संप नाही, घोषणा नाही, सगळे वेळेवर हजर. पण फडक्याशिवाय त्या टाकीवर पाच मिनिटं उभं राहता येत नाही, हे साहेबांनी स्वतः येऊन, खोकून, डोळे पुसत पाहिलं. माल तुंबला, मुलाम्याचं खातं रिकामं बसलं. "आमचं फडकं बंद केलं, तुमीच म्हनला की ती चूक हाय," असं इस्माईलभाई ऑफिसातून येणाऱ्या प्रत्येकाला अदबीने सांगत होते. बाराव्या दिवशी टाकीवर पत्र्याचा मोठा टोप आला आणि पंखा लागला.

त्यानंतर मी त्यांच्या दातांचा प्लास्टरचा साचा काढला. म्हटलं, आता तरी हे झिजलेले काढून पुढची कवळी करू, पैसे नको मला. ते हसले. पूर्वी हसताना तोंडावर हात जायचा, त्या ऑफिसातल्या दिवसापासून तो गेला नाही. झिजलेले दात दाखवत खुशाल हसायचे, नातवाच्या शाळेत, मशिदीच्या दारात, फोटोतसुद्धा. त्यांच्या बायको हाजराबी माझ्याकडे तक्रार करायच्या, "सांगा की यांना, लोक काय म्हनतील." मी सांगून थकले, साचा कपाटात पडून राहिला. ते म्हणायचे, "पंखा बंद पाडला तर दावायला तोंड लागंल, बाई." मला तेव्हा तो हट्ट वाटायचा. जेवणाचे हाल होत होते माणसाचे.

तर त्या सकाळी बाकावर गणपत माझ्याशेजारी बसून होता. दिघीला माती देऊन तसाच आलेला. आता तो टाकीवरचा सगळ्यांत जुना. म्हणाला, "बाई, पंखा चार दिवस झाले बंद हाय. मोटार जळाली म्हणतात. साहेब नवे हायत, त्यांना काहीच माहीत न्हाई. चाचा उद्याच जाणार होते त्यांच्यासमोर..."  मग त्याने उघड्या दारातून आत, कपाटाकडे पाहिलं.

मी उठून तो साचा काढला. वरचा जबडा, खालचा जबडा, मागे पेन्सिलीने माझ्याच अक्षरात इस्माईलभाईंचं नाव. तीन वर्षांत त्यावर थोडी धूळ बसली होती, ती पदराने पुसली. पुढचे दात किती आखूड होते हे प्लास्टरमध्ये जास्तच दिसतं. वर्तमानपत्रात गुंडाळून गणपतच्या हातात दिला आणि म्हटलं, उद्या साहेबांच्या टेबलावर ठेव. तो म्हणाला, काम झालं की परत आणून देतो.

आज सहा आठवडे झाले. पंखा तिसऱ्याच दिवशी सुरू झाला. गणपत मधे एकदा येऊन गेला, तेव्हा सांगत होता की साचा अजून तिथेच आहे, साहेबांनी दोनदा म्हटलं हे उचला म्हणून. कपाटातली ती जागा रिकामी आहे, मी तिथे दुसरं काही ठेवत नाही. पण साचा परत आणलास तर मी घेणार नाही, असं गणपतला बजावून ठेवलंय.