वखारीतले माहेर

ज्याला स्वतःचे घर नाही आणि तरीही जो चराचराला आसरा देतो, त्या स्मशानवासी उमापतीस प्रथम वंदन. केम येथील माझ्या आप्तांस आणि केम सोडून दूरदेशी गेलेल्या आपल्या मंडळींस अनेक आशीर्वाद. पुतण्या चिरंजीव दत्तात्रेय याने यंदा घराच्या भिंती नव्याने लिंपून घेतल्या आणि विचारले, "काका, आता पाऊसपाणी बरे आहे. घरी कधी येता?" या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत मावेना, म्हणून हे लिहावयास बसलो आहे.

मी निघालो ते दुष्काळाच्या वर्षी. केम स्टेशनच्या फलाटावर त्या दिवशी माणसांपेक्षा बोचकीच अधिक दिसत होती. विहिरी आटल्या होत्या. माझ्यापाशी संस्कृत शिकणारी मुले आईबापांबरोबर खडी फोडण्याच्या कामावर गेली होती. पत्नी पूर्वीच निवर्तलेली, अपत्य नाही. सोलापुरातील एका पाठशाळेने बोलावले, तेव्हा देवघरातील देव उपरण्यात गुंडाळून मी पोटाशी धरले आणि गाडीत चढलो. आई खिडकीशी आली आणि म्हणाली, "पोचलास की आधी देवांना बसव, मग तू बस." गाडी हलली तशी ती बरोबरीने चालू लागली. फलाट अजून पुष्कळ उरला होता, पण तिला दम लागला. तेच तिचे शेवटचे दर्शन.

सोलापुरात उतरलो तेव्हा पाठशाळेने देऊ केलेली खोली रिकामी झालेली नव्हती. तोवर माझी सोय कापसाच्या एका जुन्या वखारीत केली गेली. शहरातील काही सज्जनांनी मंडळ स्थापून ती वखार बेघरांसाठी उघडली होती. स्टेशनात, दुकानांच्या फळ्यांवर निजणाऱ्यांना तेथे आसरा मिळे, आणि त्यांना काम लागले की मंडळ भाड्याची खोली शोधून देई, घरमालकाकडे त्यांच्यासाठी शब्द टाकी. दोरीवर लुगडी टाकून एकेक संसार वेगळा केलेला असे. आईच्या आज्ञेप्रमाणे मी देव तेथेच एका पालथ्या खोक्यावर मांडले. केमला पहाट पाखरांनी होई, येथे गिरणीच्या भोंग्याने होऊ लागली. पुढे तर संध्येची वेळही मी भोंग्यावरूनच ओळखू लागलो. शेजारच्या गल्लीत खोली मिळाल्यावरही पाय वखारीकडेच वळत. तेथील मुलांना अक्षरे गिरवायला लावता लावता मंडळाच्या कमिटीत माझे नाव केव्हा गेले, ते मलाही सांगता येणार नाही.

माझे वडील म्हणत, "दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्याचा आवाज आपोआप बारीक होतो." वखारीत मी ते प्रत्यक्ष पाहिले. इतकी माणसे, पण भांडणसुद्धा कुजबुजत चाले.

त्या माणसांत सुंदरा होती, नातेपुत्याकडील माळावरच्या एका मेंढपाळाची लेक. चाऱ्यावाचून मेंढरे गेली आणि बापलेक पायी चालत शहरात आली. बाप वखारीतच वारला. सुंदरा मागांच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली, आणि तेथेच मागावर काम करणाऱ्या, तिच्याच समाजातल्या बिरूशी तिचे लग्न जमले. कन्येचा हात कोणी द्यावयाचा, असा प्रश्न मांडवात आला. वयाने वडील असा मीच होतो, म्हणून मी दिला. मंडळाने त्यांना एक खोली पाहून दिली. एक संसार मार्गी लागला, असे आम्ही सर्वांनी मानले.

पुढल्या वर्षीच्या थंडीत एका सकाळी कमिटी बसली असता सुंदरा दारात उभी राहिली. दिवस भरत आलेले, काखेत बोचके. मंडळाचे चिटणीस अप्पा, कापडाचे व्यापारी, मोठे सरळ गृहस्थ, घाबरून उठलेच.

"का ग? मालकानं खोली खाली करायला लावली काय? का नवऱ्यानं काही केलं?"

"न्हाय वो अप्पा!" तिचा आवाज साऱ्या वखारीत घुमला. "बाळंतपणाला आलीया. पयलं बाळंतपण म्हायेरात करायचं असतंय की. सासू रोज म्हंती, तुला कुटलं आलंय म्हायेर? म्या म्हनलं, हाय. दावतेच!"

अप्पांनी चष्मा काढून पुसला. "बाळ, तुझ्या डोक्यावर छप्पर आहे. आज या थंडीत स्टेशनात निजलेली माणसं जागेची वाट बघत आहेत. तुला ठेवलं तर त्यांना मी काय सांगू?"

अप्पांचे म्हणणे अन्यायाचे नव्हते. सुंदराने बोचके खाली ठेवले नव्हते. ते तिने या काखेतून त्या काखेत घेतले. "मग जाऊ माघारी? सासूला काय सांगू, म्हायेर भरलंय म्हनून?"

इतक्यात वखारीत स्वयंपाक करणारी नरसव्वा, एका तेलुगू विणकराची विधवा, हातातल्या पळीसकट बाहेर आली. "अप्पा, तुमची लेक दिवाळीला आली होती, ती काय बेघर होती काय?"

"ती माझी लेक आहे, नरसव्वा."

"अन् ही कुणाची? स्टेशनातल्याची जागा नको आम्हाला. चुलीमागं माझ्याजवळ झोपंल. नियम तुमचा घडी करून ठेवा जरा, पोरगी उभी आहे किती वेळची!"

अप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "बोचके खाली ठेव, बाळ."

"नियम लिहिताना," अप्पा हसू दाबत म्हणाले, "लेकी परत येतील हे कुणाच्या डोक्यात होतं!"

काही दिवसांनी भर दुपारी, चहूकडे माग खडखडत असताना, सुंदराला मुलगी झाली. नरसव्वाने येईल त्याच्या हातावर साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदराची सासू झबले-टोपडे घेऊन आली आणि दारातच बसली. तिने छताकडे पाहिले, दोरीवरच्या लुगड्यांकडे पाहिले.

"छप्पर झ्याक हाय," ती म्हणाली. "पर म्हायेर म्हनताय, तर मला येक सांगा. लेक बाळातीण झाली की म्हायेरच्यांना सोयर लागतं. हितं कुनाला लागलं? का नुसतंच नाव?"

घरात मूल जन्मले की काही दिवस देवाला शिवावयाचे नाही, त्यास आपल्याकडे सोयर म्हणतात. ज्यांचे रक्ताचे नाते, त्यांनाच ते लागते. म्हातारीने नेमक्या जागी बोट ठेवले होते. बाळाला थोपटणारा सुंदराचा हात थांबला.

"मला लागले आहे, विहीणबाई," मी म्हणालो.

आदल्या दुपारी बाळाचे रडणे ऐकले, तेव्हाच मी स्नान करून शेजाऱ्यांना सांगितले होते की माझ्या देवांची पूजा तुम्ही करा. लेक पित्याच्या घरी प्रसूत झाली तर पित्याला तीन दिवस, असे शास्त्र आहे, आणि त्यात शंकेला जागा नाही. पाठशाळेतील एका स्नेह्यांनी विचारले होते, "शास्त्रीबुवा, तिचे गोत्र कोणते, आपले कोणते?" मी म्हणालो, "मांडवात हात दिला तेव्हा आपण अक्षता टाकायला होता. तेव्हा विचारले नाहीत." ते हसले. केममध्ये हे वाचून कोणी भुवया उंचावतील, तर त्यांनाही माझे उत्तर हेच.

सासू माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. "खरं की काय? देव शिवला न्हाय तुमी?"

"नाही. परवापर्यंत शिवणार नाही."

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "अगं बया! बामन व्याही! गावाकडं सांगितलं तर मला येडी म्हनतील की लोक."

"म्हणू द्या."

"मग व्याही, च्या तरी पाजा. विहिनीला दारात बसवत्यात व्हय?"

आतून सुंदरा ओरडली, "नरसव्वा, साखर लई टाक! म्हायेरचा च्या हाय!"

इतक्या मोठ्याने त्या वखारीत कोणी चहा मागितलेला मी ऐकला नव्हता.

शुद्धीच्या दिवशी स्नान करून, जानवे बदलून मी देवांपुढे बसलो. स्वतःच्या लेकीच्या आनंदाने माझी पूजा थांबण्याचा तो पहिलाच प्रसंग. पत्नीच्या, वडिलांच्या, आईच्या सुतकात ती थांबली होती. स्वतःच्या लेकराचे सोयर मला कधी लागेल, ही आशा मी केव्हाच सोडून दिलेली होती. गंध उगाळताना डोळे भरून आले आणि ते मी पुसले नाहीत.

चिरंजीव दत्तात्रेया, तुझ्या निरोपाचे उत्तर असे आहे. केमला मी येईन, नव्या भिंतींवरून हात फिरवीन, दूधभाकरी खाईन. परंतु राहता येणार नाही. सुंदराचे पाहून वखारीतून संसाराला लागलेल्या आणखी मुलीही आता नागपंचमीला येऊ लागल्या आहेत. लेक दारात यावी आणि घरात कोणी मोठे माणूस नसावे, हे बरे दिसत नाही. आजवर घर म्हणजे मला जेथे परतावयाचे ते ठिकाण होते. आता कोणी परत येईल म्हणून मी जेथे थांबलो आहे, ते माझे घर.

श्रीमहादेव तुम्हा सर्वांच्या घरी धान्य आणि गोरस भरपूर देवो. तुमची लेकरे दीर्घायुषी होवोत. आणि तुमच्या घरातून जो कोणी बाहेर पडला असेल, त्याला परतल्यावर दार ठोठावावे न लागो. ते उघडेच असो.