शेवटच्या कटाआधी

वर्कशॉपसाठी नवं मशीन घ्यायचं की नाही, हे ठरवायला मी दत्तूमामांना घेऊन डेमोला गेले. मामा माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे आमचे टर्नर, लेथवर धातू कातणारे. कपाटाएवढं ते मशीन टर्निंगही करत होतं आणि मिलिंगही. मधे कुणी जॉबला, म्हणजे घडवायच्या धातूच्या तुकड्याला, हात लावायची गरज नव्हती.

काचेचं दार बंद झालं. आत एका चकने, फिरत्या पकडीने, जॉब धरला, तो कातून झाला आणि समोरच्या चकने अलगद घेतला. मामा काचेला नाक लावून बघत होते. शेवटच्या कटाआधी मशीन अचानक थांबलं. सगळा आवाज गेला. काचेवरून कूलंटचं पाणी तेवढं ओघळत होतं.

मामांनी माझं मनगट धरलं.

"ताई, दादा असेच थांबायचे."

खरंच. शेवटच्या कटाआधी वडील हात मागे घेऊन क्षणभर उभे राहत, स्वतःच घेतलेल्या मापाचा भरवसा नसल्यासारखे. ते जाऊन सहा वर्षं झाली. माणसाची शंका माणसाबरोबरच जाते, असं मला वाटायचं.

"सेन्सर माप तपासतोय," डेमो देणारा इंजिनिअर म्हणाला. "हे थांबणं बंदही करता येतं. वेळ वाचतो."

"नको," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

जॉब बाहेर आला. मामांनी मायक्रोमीटर दोनदा लावला. माप बरोबर होतं.

"घ्या, ताई," ते हळूच म्हणाले. "पण त्याच्यापाशी मी उभा राहीन. ते असं थांबलं की एकटं सोडायचं नाही."