पडवीतली खुर्ची

बस जिथे वळते तिथे माझं चहाचं दुकान आहे. दुकानासमोर गोडबोल्याने भलामोठा फलक उभा केला आहे. गोडबोल्या म्हणजे आमच्या भागातला जमिनीचा दलाल. फलकावर लिहिलंय, 'शांत जीवन, शुद्ध हवा, आजची जमीन उद्याचं सोनं'. खाली चित्र. चित्रातली विहीर माझ्या मावशीची, फणस मावशीचा, दगडी पायऱ्याही तिच्याच. घर तेवढं भलत्याच कुणाचं, काचेच्या भिंतींचं. रोज सकाळी दुकान उघडलं की ते चित्र समोर येतं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

हवा शुद्ध आहे, खोटं कशाला बोलू? हवेखेरीज आहे काय इथे! डॉक्टर नाही, दवाखाना खाली बसने गेल्यावर. वीज आली तर आली. गाडी माझ्या दुकानापर्यंतच येते, तिथून पुढे डोंगर. अर्ध्या चढावर मावशीचं एकटं घर आणि अगदी वर पाच-पंचवीस घरांची वस्ती. जायला एकच पायवाट, तीही मावशीच्या अंगणातून. रस्ता होणार, रस्ता होणार, हे माझं नाक गळत होतं तेव्हापासून ऐकतेय.

वरच्या वस्तीत कुणी आजारी पडलं की त्याला खुर्चीतून खाली आणतात. साधी लाकडी खुर्ची, दोन बाजूंना दोन लांब बांबू बांधलेले. चौघं जण खांद्यावर घेतात. बांबू पावसात कुजू नयेत म्हणून ती मावशीच्या पडवीत टांगलेली असे, आणि खांदेकऱ्यांना दम खायला, खांदा बदलायला थांबायचं तेही तिथेच. मावशी लग्न होऊन आली आणि खुर्चीची राखण तिच्याकडे आली. कुणी नेमलं नव्हतं तिला. दोऱ्या बदलायच्या, बांबूंना तेल लावायचं, वरून हाक आली की कंदील पेटवून पाणी गरम ठेवायचं. दोन पोरं तर तिच्या पडवीतच जन्मली, खाली पोचायला धीर कुठला त्यांना!

काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, जन्मभर पुढचा बांबू धरला. शेवटी त्यांनाच खुर्चीत बसवायची वेळ आली. खुर्ची पडवीतून उचलली आणि फणसाखाली पोचेपर्यंत ते गेले होते. मावशीने त्या दिवशीही खुर्ची पुसून पुन्हा जागेवर टांगली.

आता दीर. मावशीला मूलबाळ झालं नाही, म्हणून सासऱ्यांनी घरजमीन धाकट्याच्या नावावर केली. धाकटा शहरात. कौल कधी बदलले, विहीर कधी उपसली, त्याला पत्ता नाही. पण जमिनीला भाव आला म्हटल्यावर त्याला अचानक गावाचा पुळका आला.

उन्हाळ्याआधीचे चार बरे महिने असतात, चिखल नाही की उकाडा नाही, तेव्हा गोडबोल्या गिऱ्हाइकं आणतो. पावसात कशाला आणेल? एकदा एक जोडपं आलं. मीही मावशीकडे होते तेव्हा. मावशी खुर्ची खाली घेऊन गाठी घट्ट करत होती. बाईंनी पाहिलं न पाहिलं, त्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"अगंबाई, किती गोड! अहो, फोटो काढा ना माझा."

"उठा हो बाई," मावशी म्हणाली. "आमची आजारी माणसं जातात त्यातून."

"इथे कसले आजार!" गोडबोल्या मध्येच घुसला. "या आजी नव्वदीच्या आहेत, अजून गोळी कसली ते माहीत नाही."

मावशीला अजून सत्तरीही लागली नव्हती. मी तोंड उघडणार तोच तिने माझा हात दाबला. त्या बाईंना तिने पाणी दिलं, वर गूळही दिला. मला विचाराल तर विहीर दाखवली असती, पाणी दिलं नसतं.

त्याच जोडप्याशी व्यवहार ठरला. मावशीने दिराकडे एकच गोष्ट मागितली, "भावजी, घर घ्या, पण वाट तेवढी सोडा."

"दुसऱ्याच्या जागेतून कसली वाट, वहिनी? पलीकडून आहे की!"

पलीकडून म्हणजे आख्ख्या डोंगराला वळसा. लहानपणी याला साप चावला तेव्हा याच वाटेने, याच खुर्चीतून खाली नेला होता, पुढचा बांबू भावाच्या खांद्यावर होता. वळशाने नेला असता तर आज जमीन विकायला उरला नसता. हे मी त्याला तोंडावर सुनावलं. तो घड्याळ बघत राहिला.

त्यात भर म्हणून गोडबोल्या दात काढत म्हणाला, "ती खुर्ची राहू द्या हं. बाईंना फार आवडलीय. घर सामानासकट दिलंय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दुकानामागची खोली तिच्यासाठी झाडून ठेवली.

घर सोडायच्या दिवशी तिला आणायला मी वर गेले. अंगणाला कुंपण पडलं होतं, वाटेच्या दोन्ही टोकांना लोखंडी फाटकं. जोडपं, दलाल, दीर, सगळे हजर. वरच्या वस्तीतले चौघं तिची ट्रंक उचलायला आले होते. मावशीने घरावरून एकदा नजर फिरवली, खुर्चीत बसली आणि पोट धरून कण्हायला लागली.

"उचला रे. मला बरं नाही."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खांदे लावले. आजारी बाईला खुर्चीतून उतर म्हणायची कुणाची छाती होणार? घर घेणाऱ्या बाई बिचाऱ्या स्वतः धावल्या, "सरका, सरका! पेशंट आहे!" म्हणत. त्यांनी खालचं फाटक सताड उघडलं. पण खुर्ची वळली वरच्या फाटकाकडे.

"अहो वहिनी, वर कुठे? दवाखाना खाली आहे!" दीर मागे धावला. "होतंय तरी काय तुम्हाला?"

मावशीने कण्हणं थांबवलं. "घर गेलं माझं, भावजी," ती म्हणाली. "आहे का त्याला औषध तुमच्या दवाखान्यात?"

वरचं फाटक मी उघडलं. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "रागावू नकोस गं. वाट लांबली आता. निदान खुर्ची तरी माणसांजवळ हवी." मी ट्रंक डोक्यावर घेतली आणि रडत मागून चालले.

त्याच दिवशी दोन्ही फाटकांना कुलपं लागली. मावशी वरच्या वस्तीत एका पडवीत राहते, खुर्ची तिच्या उशाशी टांगलेली. माझी झाडलेली खोली तशीच रिकामी आहे.

परवा त्या बाई बसमधून उतरून माझ्याकडे चहाला थांबल्या. त्यांचं काचेचं घर तयार झालंय. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "इथे कधी काही झालंच आम्हाला, तर खाली कसं आणायचं हो?"

मी वर बोट दाखवलं. "हाक मारा. एक बाई आहे, ती माणसं आणि खुर्ची घेऊन येईल."

आणि ती येईलही. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.