भेगेत भरलेल्या निळ्या टाइल्स

अनय, रेवा, भुताखेतांच्या गोष्टी मी कधी पूर्ण ऐकूनही घेतल्या नाहीत, हे तुमची आई सांगेल. आयुष्यभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, हेच मुलींना सांगत आले.

आधी जागा सांगते. वर्ध्याला लागून सिंदी मेघे. एका प्लॉटवर दोन घरं, मध्ये भिंत. इकडे आम्ही, तिकडे तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ आणि माझ्या जाऊबाई. खाली काळी माती. अनय, तू राहतोस तिथली गोठलेली जमीन हिवाळ्यात फुगते, उन्हाळ्यात बसते आणि पोटातले दगड वर ढकलते, असं तू फोनवर सांगितलंस ना... आमची माती हेच बर्फाशिवाय करते. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगून मिटते. तिचा तोल तीच सांभाळते. म्हणून इकडे भेग कोणी बुजवत नाही — मातीला फुगायला जागा लागते.

नव्वदच्या दशकातला उन्हाळा. आम्ही बाथरूम नवीन केलं आणि आजोबांनी जुन्या निळ्या टाइल्सचा मलबा अंगणातल्या भेगेत भरला.

जाऊबाई भिंतीवरून म्हणाल्या, "भेग काऊन बुजवून राह्यले, भाऊजी? पावसात माती कुठी जाईन? माह्या घरात?"

"तुमच्या घरात जागा आहे कुठे, वहिनी?" आजोबा हसले. त्या हसल्या नाहीत.

पावसाळ्यात त्यांच्या स्वयंपाकघराची फरशी फुगून वर उचलली गेली. इथवर भूगोल. पण फुटलेल्या फरशीतून निळे तुकडे वर आले... आमचेच. भेग आमच्या अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. माती दगड वर ढकलते, घराखालून आडवे वाहून नेत नाही.

"काऊन वं, तुह्या मोरीचा कचरा माह्या चुलीपाशी आणून टाकला?"

"बाई, कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या कमरेला."

"मंग जमिनीले शिकवलं असन तू. मास्तरीण ना."

त्यांनी फरशी नवी केली. पुढच्या पावसात तीही फुटली. भाऊ भावाशी बोलेना. शेवटी थोरले दोघं आपलं घर विकून तीसेक किलोमीटरवरच्या नाचणगावला मुलाकडे गेले.

काही वर्षांनी जाऊबाईंचा एकच फोन आला. "अठीबी आलं. येजो अन् घेऊन जाजो तुहं."

मी गेले. मुलाचं नवं घर, चुलीपाशी फुटलेली फरशी, खाली निळे तुकडे. त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. निघताना म्हणाल्या, "जमीन माह्या मागं मागं अठीवरी आली. मी मेल्यावर कोणाच्या मागं जाईन, याचा इचार कर."

घरी येऊन मी आमची भेग उकरली. आत मलबा नव्हता. भेग मोकळी होती, पहिल्यासारखी.

जाऊबाई गेल्या वर्षी गेल्या. मला कारण अजून सापडलेलं नाही.

अनय, तुझ्या किचनची फरशी आपोआप वर उचलली गेली म्हणालास. गोठलेल्या जमिनीवर असं होतं, मला माहीत आहे. तरी खालून काय निघालं, ते मला कळव.