बी.ए.ला बसलेले मामाजी

बसस्टँडवर भेटलेल्या माणसाने ‘या एकदा घरी’ म्हटलं, की आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी जात. तो माणूस गोंधळून चहा ठेवायला सांगे. मामाजी चहा घेत आणि परत येत. काही गोष्टी नुसत्या बोलायच्या असतात, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मी नुकतीच बारावी झाले होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. पसंती झाल्यावर बाबा चाचरत म्हणाले, “पोरीले पुढं शिकाचं हाय.” अशा बैठकीत हे वाक्य ठरलेलं असतं आणि त्याचं उत्तरही. मामाजी म्हणाले, “शिकवू.” सुपारी फुटली, सगळे जेवायला उठले. मीसुद्धा ते मनावर घेतलं नाही.

दीड वर्षात लग्न झालं आणि ओवी झाली. नवरा वणीला ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस घरी नसे. ओवी सात महिन्यांची असताना मामाजी बियाणं आणायला दिग्रसला गेले आणि बियाण्याच्या थैलीतून कॉलेजचा फॉर्म घेऊन आले. सासूबाई चुलीपुढे होत्या.

“लेकराले कोण पाह्यते?”

“मी पाह्यतो.”

“आपले पोरं तं कधी कडेवर घेतले नाही तुमी.”

“तवा कोणी म्हटलं नाही,” मामाजी म्हणाले.

सासूबाईंनी तो फॉर्म पाहिलाही नाही. त्या दिवसापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या.

सकाळच्या बसने आम्ही तिघं निघायचो. मी वर्गात आणि मामाजी सायकल स्टँडजवळच्या कडुनिंबाखाली ओवीला घेऊन. तास सुटला की मी धावत जाऊन तिला पाजायची, घंटा झाली की परत. गावात लोक विचारत, “काहो, तुमचा कोणता नंबर आला वर्गात?” मामाजी सांगत, “मी बाहीर बसतो. मले नंबर नाही.”

पाचव्या दिवशी प्राचार्य स्वतः बाहेर आले. म्हणाले, “अर्ज आत बाबूंकडे द्या.”

“कशाचा अर्ज?”

“नाव काढायचा. तुम्ही सासरे ना?”

“नाव तं आत्ता घातलं,” मामाजी म्हणाले.

सासरा कॉलेजात आला म्हणजे सुनेचं नाव काढायलाच, असा प्राचार्यांचा आजवरचा अनुभव होता. ते आत गेले. मग त्यांनी आतून खुर्ची पाठवली. मामाजींनी खुर्चीवर ओवीला बसवलं आणि स्वतः खाली बसले.

परतीच्या बसमध्ये ते विचारत, “काय शिकवलं?” सांगावंच लागे. एकदा मी अर्थशास्त्रातला नियम सांगितला, की पहिल्या भाकरीचं समाधान मोठं, दुसरीचं कमी, चौथीचं त्याहून कमी. मामाजींनी ऐकून घेतलं. म्हणाले, “हे तुमच्या सरले कालेजात गेल्यावर समजलं?”

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत, इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी, ओवीला ताप होता. मी गेटवरूनच परत फिरत होते. मामाजी म्हणाले, “दवाखान्यात नेतो. तू बस आत.” तासाभराने शिपाई मामाजींचा निरोप घेऊन आला, की ताप उतरला, पोरगी खेळून राह्यली. मी पेपर पूर्ण लिहिला. बाहेर आले तर झाडाखाली कोणी नव्हतं. सरकारी दवाखान्यात ओवी सलाइन लावून पडली होती. तिला तापात झटका आला होता. मामाजी तिच्या पायाशी, तिची एक चप्पल हातात धरून बसले होते.

“खोटं बोललो म्या,” ते म्हणाले. “खरं सांगतलं असतं तं तू उठून आली असती.”

“आलेच असते,” मी म्हटलं.

ओवी दोन दिवसांत बरी झाली. मी मामाजींशी महिनाभर बोलले नाही. उरलेल्या पेपरांना आम्ही एकाच सीटवर बसून मुकाट गेलो. इंग्रजीत मला त्रेचाळीस मार्क पडले. त्यांनी बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. निकाल ऐकून ते म्हणाले, “पास हाय ना?” मी म्हटलं, “हाय.” तिथून पुन्हा बोलणं सुरू झालं.

तिसऱ्या वर्षाचे दोन पेपर राहिले असताना, दुपारी शेतातून येऊन ते बाजेवर टेकले ते उठलेच नाहीत. चौथ्या दिवशी माझा पेपर होता. घरात सुतक, ओसरीवर पाहुणे. नवरा म्हणाला, “पुढच्या साली देजो.” चुलतसासरे म्हणाले, लोक काय म्हणतील. मला स्वतःलाच उठवत नव्हतं.

सासूबाई कोपऱ्यात बसून होत्या. चार दिवस त्या कोणाशी बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या. ओवीला आंघोळ घातली, वेणी घातली, तिला कडेवर घेतलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोरून दाराबाहेर पडल्या. नवरा जाऊन दहा दिवस व्हायच्या आत बाई उंबरा ओलांडत नाही. कोणी काही बोलायच्या आत त्या रस्त्याला लागल्या होत्या. मी हॉल तिकीट घेऊन मागे धावले.

फाट्यावर आम्ही शेजारी उभ्या राहिलो. त्यांनी पदर डोळ्यांपर्यंत ओढला होता. दिग्रसला जाणारी गाडी वळणावर दिसली, तेव्हा त्यांनी ओवीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

“गाडी आली,” त्या म्हणाल्या. “जाय.”