फूटपट्टीबाई

धक्क्यावर तिला सगळे फूटपट्टीबाई म्हणत. मासेमारी खात्यात मापारी म्हणून लागून तिला सतरा वर्षं झाली होती. होड्या आल्या की टोपलीतले मूठभर मासे उचलायचे, लाकडी पट्टीवर आडवे ठेवायचे, लांबी वहीत टिपायची. पिल्लं धरायची नाहीत असा सरकारी नियम होता, आणि तो पाळणाऱ्यांनाच जाळ्यांची, इंजिनांची मदत मिळायची. तिला नियम मनापासून पटलेला. नोकरीला लागली तेव्हाचा वीतभर मासा बोटभर होत गेलेला तिनं स्वतःच्याच वहीत पाहिला होता.

म्हणून सख्ख्या धाकट्या भावालाही तिनं सोडलं नाही. एकदा त्याच्या टोपलीत अकरा मासे मापाला कमी भरले.

"ताई, अर्ध्या बोटाचा तर फरक. मोठ्या भोकांचं जाळं द्या म्हणून अर्ज करून दोन वर्षं झालीत. जुन्या जाळ्यात येतं ते येतं."

"माहीत आहे मला. पण मी लिहिणार."

तिनं लिहिलं आणि भावाचा अर्ज फेटाळला गेला. त्यानं बोलणं टाकलं. वहिनी समोरून दिसली की रस्ता बदलायची. ही मात्र आपलं चुकलं नाही, असं स्वतःला बजावत राहिली.

त्यानंतर महिन्याभरातच बंदरातल्या एका बड्या शेठचा मोठा ट्रॉलर धक्क्याला लागला. खालचा कप्पा उघडला आणि असा भपकारा आला, की सतरा वर्षं माशांत काढलेल्या बाईनं नाकाला पदर लावला. नखाएवढी पिल्लं, एकमेकांत चेंगरून लगदा झालेली, नुसते डोळे तेवढे ओळखू येत होते. माणसं फावड्यांनी तो चिखल कोंबडीखाद्याच्या कारखान्याच्या ट्रकमध्ये लोटत होती. ती गुडघ्यांवर बसली. जी अख्खी सापडली ती पट्टीवर ठेवली. एकही मापात बसेना.

तेवढ्यात तिच्या खात्याचे साहेब आले, सोबत फोटोवाला. शेठला नियम पाळल्याबद्दल 'समुद्रमित्र' प्रमाणपत्र मिळणार होतं, आणि त्यावर नव्या बोटीला अनुदान.

"बाई, ते काय मोजत बसलात? तो कचरा आहे. वरच्या चार पेट्या मोजा." पेट्यांमध्ये बर्फावर मोठमोठे मासे नटूनथटून बसवल्यासारखे मांडले होते.

"कचरा कसला साहेब? पुढच्या तीन वर्षांची मासळी आहे ही."

"भाषण नको. सही करा."

शेठ हसला. "बाईंना यातली एक पेटी घरी पोचती करा रे!"

भावाचे अकरा मासे ज्या हातानं लिहिले, त्याच हाताची तिला शिसारी आली. तिनं वही उघडली आणि लिहिलं: मोठे मासे चार पेट्या, पिल्लं नऊ टन. खाली सही ठोकली.

साहेबांनी पान फाडायला हात घातला.

"पानांवर क्रमांक आहेत," ती म्हणाली.

मग त्यांनी अख्खी वहीच काखोटीला मारली. दुसऱ्या मापाऱ्याची सही घेऊन प्रमाणपत्र त्याच दिवशी दिलं गेलं. फोटोत सगळ्यांचे दात दिसत होते. हिची बदली खात्याच्या कचेरीत वरच्या मजल्यावर, जावक टपालात. पहिल्याच आठवड्यात शेठच्या अनुदानाचं मंजुरीपत्र तिच्या टेबलावर आलं. तिनं पाकीट डिंकानं चिकटवलं आणि साबणानं दोनदा हात धुतले.

संध्याकाळी ती भावाकडे गेली. तो अंगणात फाटकं जाळं शिवत होता. तिनं सगळं सांगितलं.

"मग, माफी मागायला आलीस?"

"नाही. तुझे मासे लहानच होते."

भाऊ बाजूला थुंकला. "तू काही सुधारायची नाहीस."

"तुझा अर्ज फेटाळला आणि त्याला बोट दिली. असं का, ते लेखी विचारू. मी लिहिते, तू सही कर."

त्यानं सही केली. उत्तर यायला पाच महिने लागले. आलं ते दोन ओळींचं: मदत फक्त नियम पाळणाऱ्या मच्छीमारांनाच दिली जाते.

भावानं कागद चुरगाळून भिरकावला. तिनं तो उचलला, मांडीवर सरळ केला आणि वहिनीकडे पेन मागितलं. वहिनीनं ते आणून दिलं. मग तिथंच पायरीवर बसून ती वरच्या साहेबांच्या नावानं दुसरा अर्ज लिहू लागली.